आजारपणाचा खर्च कोणी सोसावा?

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालेला मनुष्य भोसरी मागे टाकून डाव्या हातास वळला, म्हणजे थोड्याच वेळात चिखलीच्या हद्दीत शिरतो. एका अंगास देहू, दुसऱ्या अंगास आळंदी आणि उत्तरेस इंद्रायणी, अशा पुण्यभूमीत हे गाव वसलेले आहे. तुकोबांच्या वैकुंठगमनसमयी त्यांचे टाळ येथे पडले अशी श्रद्धा असल्यामुळे जुनी माणसे अद्यापि त्यास टाळगाव चिखली असेच म्हणतात. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामील झाले, आणि तेव्हापासून त्याचे रूप इतक्या झपाट्याने पालटले की वीस वर्षांनी परत आलेल्या माहेरवाशिणीस आपली वाट विचारावी लागेल. शेते गेली, त्यांच्या जागी लहान लहान वर्कशॉपे, घरकुलाच्या उंच इमारती आणि मोरे वस्ती, जाधववाडी येथील भाड्याच्या खोल्या आल्या. कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांचे एक स्वतंत्र नगरच उभे राहिले होते. ते २०२५ च्या फेब्रुवारीत पालिकेने पाडले. हजारो बांधकामे काही दिवसांत भुईसपाट झाली आणि तेथे राबणारा मजूर आपला खोकला व आपली कापलेली बोटे घेऊन दुसरीकडे पोट भरावयास गेला.

या गावातील एखादा कामगार उद्या आजारी पडला तर त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोणी सोसावा, एवढाच प्रश्न आज आमच्यासमोर आहे. प्रश्न दिसतो लहान; परंतु जगातील मोठमोठ्या राष्ट्रांनी गेली एकशे चाळीस वर्षे त्याच्यावर डोके खपविले आहे, आणि प्रत्येकाने दिलेले उत्तर निराळे आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आज असे आहे की, एक मुलगी लीड्सला, एक पुतण्या न्यू जर्सीस, भाचा जर्मनीत आणि वडील मंडळी चिंचवडात. चौघांस एकाच आठवड्यात ताप आला तर चार निरनिराळ्या राज्यव्यवस्थांचा अनुभव एकाच कुटुंबास फोनवरून मिळतो! त्यामुळे या तुलनेस आता ग्रंथालयात जाण्याची गरज उरलेली नाही. ती आमच्या माजघरातच चालली आहे.

एकत्र कुटुंब ही आमच्याकडील पहिली विमा कंपनी होती, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. कोणी अंथरुणास खिळले तर धाकट्या जावेने पथ्याचे करावे, थोरल्या दिरांनी वैद्य आणावा, आणि पैसा कमी पडला तर आत्याच्या पाटल्या सोनाराकडे जाव्यात, अशी ही व्यवस्था. तिचे गुण आम्ही जाणतो. परंतु तिच्यातील दोष झाकण्यात अर्थ नाही. सेवा कोणी करावयाची हे तीत जन्मानेच, किंबहुना लग्नानेच ठरलेले असे, आणि जिने सर्वांची सेवा केली तिच्या स्वतःच्या दुखण्याकडे लक्ष जावयास बहुधा उशीर होई. शिवाय, ज्याच्या घरी पाटल्याच नाहीत त्याने काय करावे? कारखान्यात काम करण्यास लातूर, बीड, नांदेडकडून, किंवा त्याहूनही दूर बिहार, उत्तर प्रदेशाकडून एकटा आलेला तरुण चिखलीत चौघांच्या खोलीत राहतो. त्याचे कुटुंब मागे गावी आहे. येथे त्याला थोरले दीर नाहीत आणि धाकटी जाऊही नाही.

नेमका असाच तरुण जर्मनीत शंभर-दीडशे वर्षांपूर्वी खेडे सोडून कारखान्यात आला होता, आणि पहिले राष्ट्रीय उत्तर तेथेच निघाले. प्रिन्स बिस्मार्क हा काही गरिबांचा कैवारी नव्हे. समाजवाद्यांचा जोर मोडावा म्हणून त्याने १८८३ साली कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. हेतू राजकारणी, फळ मात्र चिरस्थायी निघाले. पगारातून ठरावीक वाटा कापावयाचा, मालकाने आपला घालावयाचा, आणि त्या पैशाचा कारभार सरकारने नव्हे तर आजार-निधींनी पाहावयाचा, ही त्याची योजना. दोन महायुद्धे झाली, राज्ये उलथली, चलन कवडीमोल झाले, देशाचे दोन तुकडे होऊन पुन्हा एक झाले. निधी चालूच राहिले. आज तेथील दर दहांतील सुमारे नऊ माणसे या सार्वजनिक विम्याखाली आहेत. पगाराच्या साडेचौदा टक्क्यांहून अधिक रक्कम त्यासाठी द्यावी लागते, व ती मालक-नोकर निम्मी-निम्मी वाटून घेतात. रक्कम थोडी नव्हे. पण आजारी पडल्यावर दागिना मोडावा लागत नाही.

इंग्लंडने दुसरा मार्ग धरला. सर विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल १९४२ च्या डिसेंबरात, ऐन युद्धाच्या धामधुमीत प्रसिद्ध झाला, आणि लोकांनी तो विकत घेण्यासाठी रांगा लावल्या. सरकारी अहवालासाठी रांगा! आमच्याकडे असे दृश्य अद्याप कोणी पाहिले नाही. त्या अहवालातील आरोग्याची कल्पना प्रत्यक्षात आणली ती आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी, ५ जुलै १९४८ रोजी. हा गृहस्थ वेल्समधील ट्रेडेगर या कोळशाच्या गावचा, खाणकामगाराचा मुलगा व स्वतः खाणीत काम केलेला. त्या गावात खाणवाल्यांनी आपापल्या मजुरीतून दर आठवड्यास थोडे पैसे जमवून एक वैद्यकीय साहाय्य संस्था चालविली होती. तिने डॉक्टर नेमावेत, दवाखाना चालवावा व वर्गणीदारांच्या घरच्यांवर उपचार करावेत. गावाने आपल्यापुरते जे केले ते सबंध देशास लागू करावयाचे, एवढेच आपण केले अशी बेव्हन यांची भूमिका होती. पैसा करांतून यावा, रुग्णालये राष्ट्राची असावीत, आणि दारात आलेल्यास प्रथम त्याचे दुखणे विचारावे, पाकीट नव्हे, हे तिचे तत्त्व. पुढे चष्मा व कवळीसाठी पैसे आकारण्याचे ठरले तेव्हा १९५१ साली या मानी मनुष्याने मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

आज त्या संस्थेची स्थिती काय आहे, हे लीड्सची मुलगी सांगेल. २०२३ साली एकट्या इंग्लंडात उपचारासाठी थांबलेल्यांची यादी पंचाहत्तर लाखांवर गेली होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेस महिनोन् महिने वाट पाहावी लागते. परंतु हृदयविकाराचा झटका आला, कर्करोग झाला, मूल सातव्या महिन्यात जन्मले, तर कोणाचे घर गहाण पडत नाही. तेथे पैशाची झळ रांगेच्या रूपाने सर्वांस थोडथोडी बसते. आमच्याकडे ती एकाच घरावर कोसळते. यांपैकी कोणता अन्याय पत्करावा, हे प्रत्येक समाजाने ठरवावयाचे असते. आमचे मत विचाराल तर आम्ही रांग पत्करू.

अमेरिकेविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. महायुद्धात पगारवाढीवर सरकारने बंधन घातले, म्हणून मालकांनी नोकर टिकविण्यासाठी विम्याचे आमिष दाखविले. युद्ध संपले, आमिष राहिले, आणि नोकरी गेली की विमाही गेला असा विचित्र संसार त्या देशाने मांडला. १९६५ साली वृद्धांसाठी व दरिद्र्यांसाठी, आणि २०१० साली इतरांसाठी कायदे झाले. तरी अद्यापि दोन कोटींहून अधिक माणसे विम्यावाचून आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा हिस्सा, किंबहुना त्याहूनही थोडा अधिक, आरोग्यावर खर्च करून तेथील सरासरी आयुष्य जर्मन वा इंग्रज माणसाहून कमीच आहे. पैशाने वैद्यकशास्त्र विकत मिळते, पण त्याची वाटणी आपोआप होत नाही, हे जगाने त्या देशाकडून शिकावे.

आता आमच्याकडे वळू. पुष्कळांची अशी समजूत आहे की हे सारे विचार परदेशांतले, येथे ते कोणास सुचलेच नाहीत. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. बेव्हरिज यांचा अहवाल निघाला त्याच सुमारास हिंदुस्थान सरकारने प्रा. बी. पी. अदारकर यांस कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यास नेमले. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. प्रथम कापड, इंजिनियरिंग व धातू-खनिजे या धंद्यांतील कायम कारखान्यांपासून आरंभ करावा, विमा सक्तीचा असावा, मालक व कामगार दोघांनी वर्गणी द्यावी, ही त्यांची सूचना. तीवरूनच १९४८ चा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे कामगार राज्य विमा योजना सुरू झाली. पंडित नेहरूंनी अदारकरांस ‘छोटे बेव्हरिज’ म्हटल्याचे सांगतात. बेव्हरिज यांचे नाव शाळकरी पोरासही ठाऊक आहे. आमच्या या छोट्या बेव्हरिजांचे नाव चिखलीतील ज्या कामगाराच्या खिशात त्यांच्या योजनेचे कार्ड आहे, त्यासही ठाऊक असणे कठीण.

दुसरे नाव तर नाशिकचेच. सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ साली नाशिकास झाला आणि शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १९४३ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमली गेली, आणि १९४६ साली तिचा चार खंडांचा अहवाल बाहेर आला. पैसे नाहीत म्हणून कोणासही योग्य उपचारांवाचून राहावे लागू नये, हे त्या अहवालाचे मूलसूत्र. आरंभी दर चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक केंद्र असावे. पुढे वाढवीत वाढवीत दर दहा-वीस हजार लोकांमागे पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय व्हावे. त्यावर साडेसहाशे खाटांचे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अडीच हजार खाटांचे मोठे रुग्णालय, अशी त्यांची पायऱ्यापायऱ्यांची रचना होती. रोग झाल्यावर औषध देणारे खाते निराळे व रोग होऊ नये म्हणून पाणी-गटारे पाहणारे खाते निराळे, ही फारकतच मुळी त्यांस मान्य नव्हती.

वाचकांनी क्षणभर हिशेब करून पाहावा. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत सतरा लाखांवर होती. भोर यांचे सर्वांत सैल माप, म्हणजे वीस हजारांस पंचाहत्तर खाटा, लावले तरी पायथ्याच्या पायरीवरच साडेसहा हजारांच्या जवळ खाटा हव्यात. पालिकेचे सर्वांत मोठे रुग्णालय म्हणजे पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, ज्यास सर्वजण वायसीएम म्हणतात, साडेसातशे खाटांचे आहे. भोसरी, थेरगाव, आकुर्डी, चिंचवड येथील रुग्णालये त्याच्या जोडीस आहेत खरी. भोर यांचे माप खेड्यांसाठी होते, तेव्हा ते शहरास जसेच्या तसे लावणे न्याय्य होणार नाही, हेही आम्ही मान्य करतो. परंतु लोकसंख्या आता २०११ ची राहिलेली नाही, आणि वायसीएमच्या ओसरीत जुन्नर, खेड, मावळचेही रुग्ण बसलेले असतात.

अदारकरांच्या योजनेचे चिखलीत काय होते, ते पाहणे अधिक बोधप्रद आहे. दर शंभर रुपये पगारामागे मालकाने सव्वातीन रुपये द्यावेत व कामगाराने पाऊण, असा २०१९ पासूनचा दर. त्या मोबदल्यात कामगारास व त्याच्या घरच्यांस औषधोपचार, आजारपणात बुडालेल्या पगाराचा काही भाग, स्त्रियांस बाळंतपणाची रजा व वेतन, अपघातात अपंगत्व आल्यास निर्वाहवेतन. कोणत्याही खाजगी विम्याने द्यावे त्याहून हे कितीतरी अधिक आहे. मग सारेच त्याचे गोडवे का गात नाहीत? पहिले कारण असे की दहांहून कमी माणसे असलेल्या वर्कशॉपास ही योजना सक्तीची नाही. आणि चिखली-तळवड्याच्या शेडमध्ये एकेका छपराखाली सात-आठ माणसेच काम करीत असतात. काही ठिकाणी ती खरोखरच तेवढी असतात, आणि काही ठिकाणी हजेरीपुस्तकात तेवढी असतात. दुसरे असे की २०१७ साली पगाराची मर्यादा एकवीस हजार ठरली. ओव्हरटाइम धरीत नाहीत, पण पगार एकवीस हजार शंभर झाला की पगारवाढीच्या आनंदाबरोबर विमा जातो! तिसरे कारण अर्थात कार्ड आहे पण दवाखान्यात डॉक्टर आहे की नाही, औषध आहे की नाही, ही चिंता.

८ डिसेंबर २०२३ रोजी शेजारच्या तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या करणाऱ्या एका विनापरवाना शेडला आग लागली. आत काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. काही जागीच गेल्या, काही पुढे रुग्णालयात. बर्लिनमध्ये बिस्मार्क होऊन गेला, लंडनमध्ये बेव्हन होऊन गेला, आमच्या अदारकरांनीही कागदावर सर्व काही लिहून ठेवले. परंतु ज्या शेडची नोंदच नाही, तिच्या दारापर्यंत यांपैकी कोणीही पोहोचत नाही. आरोग्याची व्यवस्था ही नोंदीपासून सुरू होते, डॉक्टरापासून नव्हे.

आज आपल्या राज्यात जी व्यवस्था आहे तिला एक नाव देणे कठीण. थोडी जर्मन, थोडी इंग्रज, आणि उरलेली, म्हणजे मोठी, अमेरिकन. सरकारी रुग्णालये करांवर चालतात. राज्याच्या आरोग्यखात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क केले आहेत. २०१२ साली आठ जिल्ह्यांत आरंभलेली व २०१७ साली महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेली जनआरोग्य योजना आणि २०१८ ची केंद्राची आयुष्मान भारत, या दोहोंतून कुटुंबास वर्षाकाठी पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. २०२४ च्या ऑक्टोबरापासून तर सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास, मग त्याचे उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचे कार्ड मिळू लागले. घरात आजी-आजोबा असलेल्या आमच्या वाचकांनी ते काढून घेतले नसेल तर अवश्य घ्यावे. यात संकोचाचे काही कारण नाही.

परंतु या सर्व योजनांत एक मर्म हुकलेले आहे. त्या मुख्यतः रुग्णालयात भरती झालेल्या रोग्याच्या. आमच्या घरांतील खरा रोगी भरती होत नाही. तो रोज सकाळी मधुमेहाची गोळी, रात्री रक्तदाबाची गोळी घेतो, दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो, आणि महिन्याच्या वाणसामानाच्या यादीखाली औषधवाल्याचे बिल जोडतो. खिशातून होणाऱ्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग याच गोळ्यांचा. सरकारी हिशेबाप्रमाणे देशातील एकंदर आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून होणारा हिस्सा २०१३-१४ साली शेकडा ६४ होता, तो २०२१-२२ साली शेकडा ३९ वर आला. उतार चांगला आहे. तरी जवळच्या थायलंडात हाच हिस्सा शेकडा दहाच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे समाधान टिकत नाही.

थायलंड! त्या देशाचे उदाहरण आम्हांस युरोपाहून अधिक मोलाचे वाटते, कारण तो आमच्यासारखाच भात पिकविणारा व बेताच्या मिळकतीचा. २००२ साली त्याने सर्व नागरिकांस एका छत्राखाली आणले. दवाखान्यात एका खेपेस तीस बाथ द्यावयाचे, बाकीचे सरकारने. त्यापूर्वी कित्येक वर्षे त्या सरकारने तालुक्यातालुक्यांस रुग्णालये बांधली होती, नव्या डॉक्टरांस काही वर्षे खेड्यात काढणे भाग पाडले होते, आणि गावोगावी स्वयंसेवक तयार केले होते. त्यांची संख्या आज दहा लाखांच्या घरात आहे. म्हणजे आधी घर बांधले, मग पाहुण्यांस निमंत्रण धाडले. आम्ही निमंत्रणाची कार्डे आधी वाटली.

गावोगावच्या स्वयंसेवकांची ही कल्पना तरी परकी आहे काय? अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर अशा स्त्रियांस आरोग्याचे शिक्षण दिले. सुईण जे हातांनी करीत होती तेच स्वच्छ हातांनी करावे, तान्ह्यास अतिसार झाला तर मीठ-साखरेचे पाणी द्यावे, गरोदर सून अंगाने वाळते आहे हे वेळीच ओळखावे, एवढ्याने बालमृत्यू ओसरले. १९७८ साली आल्मा-आता येथे जगातील राष्ट्रे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा करण्यास जमली तेव्हा जामखेडचा दाखला त्यांच्यासमोर होता. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांकरवी नवजात अर्भकांची घरच्या घरी शुश्रूषा करविली. हजार जन्मांमागे बासष्ट मृत्यू होत होते ते पंचविसांवर आले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे मांडले. २००५ नंतर देशभर नेमलेल्या ‘आशा’ ताई या याच परंपरेच्या. चिखलीच्या गल्लीबोळांतून डोळ्यांपुढे वही धरून हिंडणारी आशाताई आमच्या वाचकांनी पाहिली असेल. तिला पगार नाही, मोबदला मिळतो. तोही पुष्कळदा उशिरा. ज्या कल्पनेने जगास शिकविले तिच्या वाहकांस आम्ही मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसविले आहे.

सरकारने मनात आणले तर काय होऊ शकते, याचा प्रत्यय २०२० साली आला. करोनाच्या साथीत राज्याने खाजगी रुग्णालयांतील शेकडा ऐंशी खाटा आपल्या हुकमतीखाली घेतल्या आणि दिवसाचे दर बांधून दिले : साध्या विलगीकरणास चार हजार, अतिदक्षता विभागात साडेसात हजार, कृत्रिम श्वासाच्या यंत्रासह नऊ हजार. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर थोड्या आठवड्यांत जम्बो रुग्णालय उभे राहिले. ज्यांच्या कपाटात मेडिक्लेमची पाकिटे होती त्यांसही त्या दिवसांत वायसीएमच्या खाटेसाठी ओळखी शोधाव्या लागल्या. साथ ओसरली तसे दरही मोकळे झाले.

ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याने हे सर्व केले, त्याचा जन्मही आमच्याच अंगणातला. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. घरे तपासण्याच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी जो धुडगूस घातला, त्याचा सूड म्हणून २२ जून रोजी रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधू चिखलीपासून हाकेच्या अंतरावरील चिंचवडचे. त्याच साथीत आजारी माणसे उचलून मुलाच्या दवाखान्यात आणता आणता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च रोजी प्राण ठेवला. एकाच रोगाविरुद्ध एकाच वर्षी चाललेल्या या दोन मोहिमा होत. एकीला लोकांनी दारे लावून घेतली, दुसरीपुढे उघडी ठेवली. लस, विलगीकरण, तपासणी ही साधने आजही तीच आहेत. कोण दार ठोठावीत आहे यावर सारे अवलंबून असते.

आणि पिंपरीचे एक ऋण सांगावयाचे राहिले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. सरकारी मालकीचा हा देशातला पहिला औषधकारखाना. त्याच्या पेनिसिलिनने कित्येक बाळंतिणींचे प्राण वाचविले असतील. पुढे तो तोट्यात गेला, त्याच्या जमिनी विकण्याच्या गोष्टी निघाल्या. ज्या गावाने देशास स्वस्त पेनिसिलिन दिले, त्याच गावात आज साध्या सर्दीसाठी अँटिबायोटिकची चिठ्ठी सर्रास लिहून मिळते, व जंतू ते औषध पचवावयास शिकतात, हा एक निराळाच विनोद आहे.

परंतु पुढील पंचवीस वर्षांत येथील आरोग्याचे भवितव्य आमच्या मते रुग्णालयात नव्हे तर नळात ठरेल. २०१९ च्या अखेरीस या शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले. पवनेचे पाणी पुरेना, म्हणून आंद्रा धरणाचे पाणी निघोजे येथे इंद्रायणीतून उचलून चिखलीच्या शुद्धीकरण केंद्रात आणावयाची योजना झाली. ज्या नदीवर आळंदीस वारीच्या तोंडावर पांढरा फेस तरंगताना दिसतो, तीच ही इंद्रायणी. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत धडधाकट माणसांचे हातपाय अचानक लुळे पडू लागले. गुलियन-बारे नावाचा हा विकार. दूषित पाण्यातील वा अन्नातील जंतूने पोट बिघडते आणि मागाहून शरीराची स्वतःचीच रक्षकशक्ती मज्जातंतूंवर उलटते. थोड्याच आठवड्यांत संशयित रोग्यांची संख्या दोनशेंवर गेली. काही पिंपरी-चिंचवडचेही होते. एकेका इंजेक्शनची किंमत हजारोंत, आणि अशी इंजेक्शने कैक लागतात. तेव्हा सरकारने जाहीर केले की पिंपरी-चिंचवडकरांस वायसीएममध्ये, पुणेकरांस कमला नेहरू रुग्णालयात आणि ग्रामीण भागाच्या लोकांस ससूनमध्ये उपचार फुकट मिळतील. निर्णय स्तुत्य. परंतु नळात योग्य प्रमाणात क्लोरीन घालण्यास जो खर्च आला असता, त्याच्याशी या इंजेक्शनांचा हिशेब एकदा कोणी तरी मांडावा.

येथे आमच्या वर्गाविषयी चार शब्द बोलणे प्राप्त आहे. शिकलेल्या कुटुंबांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरविली. आम्ही घरी पाण्याचे यंत्र बसविले, मेडिक्लेम काढला, मुलांच्या लसी खाजगी बालरोगतज्ज्ञाकडे टोचून घेतल्या. यात गुन्हा कोणताच नाही. पण वर्तमानपत्रास पत्र लिहिणारा, नगरसेवकास हटकणारा, औषध का नाही म्हणून लेखी खुलासा मागणारा जो वर्ग, तो रांगेतून निघून गेला की रांग मुकी होते. इंग्लंडात कारकून, शिक्षक व डॉक्टरांचे आईबाप त्याच रांगेत उभे असतात, म्हणून तेथे ती यादी लांबली की मंत्री अस्वस्थ होतो. आणि मेडिक्लेमचे कवच तरी किती दिवसांचे? साठीनंतर त्याचा हप्ता दर वर्षी कसा वाढतो, ते ज्यांच्या घरी निवृत्त मंडळी आहेत त्यांस आम्ही सांगावयास नको.

खाजगी रुग्णालयांकडूनही मागून घेण्यासारखे पुष्कळ आहे व ते कायद्याने मागता येते. धर्मादाय विश्वस्तांच्या रुग्णालयांस सरकारी सवलती मिळतात, म्हणून उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे त्यांनी शेकडा दहा खाटा निर्धनांस फुकट व आणखी दहा दुर्बलांस सवलतीने ठेवावयाच्या आहेत, आणि एकंदर बिलांच्या शेकडा दोन रक्कम त्यासाठी बाजूस काढावयाची आहे. २०२१ च्या जानेवारीत शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे आवश्यक झाले. आमच्या घरी धुणेभांडी करावयास येणाऱ्या बाईच्या नवऱ्यास उद्या अपघात झाला, तर हा दहा टक्क्यांचा नियम तिला ठाऊक नसतो. तो तिला आम्ही सांगू शकतो, अर्ज लिहून देऊ शकतो, आणि तिच्याबरोबर त्या काचेच्या खिडकीपाशी जाऊन उभेही राहू शकतो. खिडकीच्या आतला गृहस्थ इंग्रजी मिश्रित मराठी ऐकल्यावर थोडा निराळा वागतो, ही गोष्ट लाजिरवाणी असली तरी खरी आहे.

पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका अंदाजपत्रक करण्यापूर्वी नागरिकांकडून आपापल्या प्रभागातील कामांच्या सूचना मागविते. आजवर बहुतेक सूचना पदपथ, बाके आणि बागेतील दिव्यांच्या येतात. चिखलीतून पुढील खेपेस जे अर्ज जातील त्यांत तीन गोष्टी असाव्यात असे आम्हांस वाटते : प्रत्येक वस्तीतील नळाच्या पाण्याच्या तपासणीचा निकाल दर आठवड्यास दवाखान्याच्या दारावर मराठीत लावावा, मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या पालिकेच्या दवाखान्यात संध्याकाळी, कामगार पाळीवरून सुटल्यावरही मिळाव्यात, आणि शेडमधून काम करणाऱ्यांची नोंद आशाताईंच्या वहीत व्हावी, मग त्याच्या मालकाचा परवाना असो वा नसो. अर्ज मराठीत चालतो. वॉर्डाच्या कार्यालयात तो नेऊन दिला की पोच मागून घ्यावी.